वारा उलटा फेकणारा पंखा

तुझ्या जुन्या गाडीचा रेडिएटरमागचा पंखा मोडला आणि तू पत्रातून विचारलंस, दोन पंखे मिळताहेत, त्यातला कुठला घेऊ? मी आयुष्यात एकदाच असा पंखा निवडला, आणि तो चुकीचा निवडला. म्हणून तुझी आजी क्रमानं सांगते. तुझ्या भावंडांनाही वाचून दाखव.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि दुसरी मोठी लढाई चालू होती. दर्यापूरजवळच्या खेड्यात आमचा भाजीपाल्याचा मळा होता. बाबांनी एका वकिलाची जुनी मोटार घेतली होती. मागच्या बाकावर बहुतेक वेळा वांग्यांची पोती बसायची.

त्या वर्षी मायच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या दवाखान्यात नागपूरचे सर्जन आठवडाभरासाठी येणार होते आणि शुक्रवारी दुपारच्या रेल्वेनं परत जाणार होते. आमच्या डॉक्टरांनी बाबांना स्पष्ट सांगितलं, "पुढच्या खेपेपर्यंत बाई राहणार नाही. बैलगाडीनं, बसनं नेऊ नका, हादरे सोसायचे नाहीत." ते मंगळवारी. त्याच संध्याकाळी मोटारीच्या पंख्याचं एक पातं तुटून पडलं.

आमचा मिस्त्री फौजेत गेला होता. नवे भाग येत नव्हते. बुधवारी बाबा आणि मी बसनं अमरावतीला गेलो. मी मॅट्रिक झालेली, वहीत सगळं टापटीप लिहून ठेवणारी. मोडका पंखा कापडात बांधायला बाबा निघाले तर मीच म्हटलं, "राहू द्या, मी मापं घेतली आहेत." पात्यांची लांबी, भोकांमधलं अंतर, मधल्या भोकाची रुंदी. कागद ठेवून भोकांचा ठसासुद्धा काढला होता.

जुन्या सामानाच्या दुकानदारानं वही पाहिली, मग मला पाहिलं.

"पंखा कावून नाई आणला, बाई?"

"मापं आहेत ना."

"मापावर सदरा शिवतेत."

बाबांना राग आला. "माही पोरगी इंग्रजी शिकली हाये. तू पंखे दाखव."

त्यानं दोन पंखे ठेवले. दोन्हींची भोकं माझ्या ठशावर नेमकी बसत होती. एकाचं पातं वाकवून पुन्हा ठोकलेलं होतं. दुसरा जाड पत्र्याचा, जवळपास कोरा. मी दुसरा निवडला. पाती कुठल्या बाजूला कलली आहेत, हे वहीत नव्हतं. ते मोजायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

गुरुवारी बाबांनी तो स्वतः बसवला, त्यातच संध्याकाळ झाली. इंजिन चालू करून गाडीकडे तोंड करून समोर उभे राहिले. त्यांचा शेला मागं उडाला. "वारा कसा सुटून राहिला, पाह्य," म्हणाले. खळ्यात धान्य उपणणारी माणसं आम्ही. जोरात वारा तोंडावर आला की पंखा चांगला, एवढंच आम्हाला कळत होतं.

शुक्रवारी सकाळी मायला मागच्या बाकावर गादी घालून निजवलं. चौथ्या मैलावर गाडीतून वाफ निघाली. थांबलो, गार होऊ दिली, शेतातल्या विहिरीचं पाणी ओतलं. दोन मैलांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाबा रस्त्याच्या कडेला खालीच बसले. बाभळीखेरीज काही नव्हतं. माय दातांत पदर धरून होती आणि मी वही उघडून सगळी मापं पुन्हा वाचत होते. सगळी बरोबर होती. तिथं, त्या उन्हात, मला माझ्या अक्षराची किळस आली.

बाबांनी उठून पुन्हा इंजिन सुरू केलं आणि पुढं जाऊन उभे राहिले. शेला परत मागं उडाला. उघड्या दारातून माय ते पाहत होती.

"अवो," ती म्हणाली, "गाडी पुढं जाते तवा वारा कुठून लागते?"

"समोरून."

"मंग तुमचा पंखा त्याले समोरच लोटून राहिला. खळ्यात वाऱ्याच्या तोंडावर उपणता काय तुमी? काढून फेका तो."

"पंख्याबिगर गाडी चालते काय?"

"आता चालून राहिली काय?"

बाबांनी पाना काढला. पट्टा उतरवला, पंखा सोडवून माझ्या मांडीवर टाकला. त्या गाडीत पाणी आपोआप फिरायचं, त्यासाठी वेगळा पंप नव्हता, म्हणून पट्टा नसला तरी ते फिरत राहणार होतं. आता थांबायचं नाही, एवढंच आमच्या हातात होतं. समोरून येणारा वारा हाच आमचा पंखा. गावं आली की बाबा दुरूनच भोंगा वाजवत. एकदा बैलगाड्यांची रांग आडवी आली. वाफेची पहिली रेघ दिसली आणि मी डोळे मिटले. रांग सरली, रेघ विरली.

दवाखान्याच्या फाटकात सर्जनचं सामान टांग्यात चढत होतं. बाबा त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. मी इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही, चूक माझी आहे असं दोनदा म्हटल्याचं आठवतं. त्यांनी टांगेवाल्याला सामान उतरवायला लावलं.

त्याच संध्याकाळी गाठ काढली. दुसऱ्या दिवशी मायनं डोळे उघडले. बाबा उशाशी होते, मी पायाशी. ती म्हणाली, "गाडी थंडी झाली काय?"

म्हणून तू मोडका पंखा बरोबर ने. पाती कुठं कलली आहेत ते दोन्ही शेजारी धरून बघ. बसवल्यावर इंजिन चालू करून रेडिएटरसमोर एक कागद धर. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून तुझ्या अंगावर आला, तर पंखा कितीही कोरा असला तरी परत कर.