बारावर न बसणारा काटा

वसईच्या आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा सगळ्यात जुनी गणित शिक्षिका मीच होते. प्रशिक्षणाला मात्र मुख्याध्यापक फादरनी नुकत्याच लागलेल्या सरांना पाठवलं. "बाई, तुम्हाला घर आहे, मुलं आहेत," ते मला म्हणाले. सर काय मैदानात राहत होते? मी "बरं, फादर" म्हटलं आणि त्या दुपारी डबा तसाच परत नेला.

सर परतले आणि पोरं त्यांच्या मागेमागे फिरायला लागली. माझ्या तासाला साइन-कोसाइन म्हटलं की जांभया देणारी पोरं शेजारच्या संगणकाच्या खोलीत तेच साइन-कोसाइन वापरून पडद्यावर घड्याळ काढत होती. मुद्दाम भरभर पळणारं. भिंतीपलीकडून त्यांचा आरडाओरडा यायचा आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवशी ते घड्याळ सकाळपासून चालू होतं. दुपारी पाचूबंदरची एक मुलगी ओरडली, "सर, काटा बारावर येतच नाय!"

खरंच. काटा बाराच्या अलीकडे टेकायचा आणि तिथून थेट पलीकडे उडी मारायचा. सर घामाघूम झाले. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

"सकाळी तर ठीक होता ना?" पालकांना ऐकू जाईल अशा बेताने मी विचारलं.

"काही कळत नाही, बाई. तुम्ही बघता?" त्यांनी खुर्चीच सोडली.

मी प्रोग्रॅम वाचला; शेवटी गणितच होतं ते. दर टिकीला, म्हणजे काटा एकदा सरकला की, कोनात सहा अंशांची भर पडत होती, तीही रेडियन या मापात, न संपणाऱ्या दशांशात. फेरी संपली तरी कोन शून्यावर येत नव्हता, वाढतच होता. संगणक ठरावीकच आकडे धरतो. संख्या मोठी झाली की शेवटचे दशांश गळतात. दर बेरजेत जराशी चूक, आणि सकाळपासूनच्या सगळ्या चुका साठलेल्या. साइनकडे कोनच चुकीचा जात होता.

"साठ टिक्या झाल्या की कोन शून्य करा," मी म्हटलं.

त्यांनी तशी ओळ घातली. काटा बारावर बसला.

"बाईंनी शोधलं!" सर भेटेल त्याला सांगत सुटले, अगदी मनापासून. त्याचाच मला जास्त राग आला.

पुढच्या प्रशिक्षणालाही फादरनी त्यांनाच पाठवलं. नंतर ते मुंबईत एका कंपनीत लागले आणि संगणकाची खोली माझ्याकडे आली. पहिल्याच तासाला एका पोरीने विचारलं, "बाई, सर परत येनार का?"

"नाही," मी म्हटलं, आणि संगणकाचं बटण दाबलं.