काशीमावशीची साक्ष

आज दारात पिंजारी कापूस पिंजत होता आणि त्या वासाने मला आईची कापडगिरणी आणि लहानपणी तिच्यासोबत पाहिलेली नागपूरची कामगार-भरपाईची कचेरी आठवली.

गिरणीच्या यंत्रात आईची दोन बोटं गेली होती. पाळी सुटल्यावर ती उगाच यंत्राजवळ गेली, म्हणून भरपाई नाही, असं गिरणीवाले म्हणत होते. शेजारची काशीमावशी आईसोबतच कामाला होती. "बोलशील तर काम जाईल," असं मुकादमाने तिला बजावलं होतं.

तरी काशीमावशी कचेरीतल्या साहेबांपुढे म्हणाली, "पाळी सुटली नव्हती, साहेब. मी हिच्या बाजूलेच उभी होती."

भरपाई मंजूर झाली. बाहेर आई रडली. "काहून बोलली वं? तुह्यं काम जाईन ना!"

"जाऊ दे. खोटं कशी बोलू?"

काम गेलंच. तेव्हा मला फक्त आई जिंकल्याचा आनंद होता. आता ताठ मानेने कचेरीच्या पायऱ्या उतरणारी काशीमावशी दिसते, आणि ती आमची शेजारीण होती, हे मी नातवंडांना अभिमानाने सांगते.