आतून लागणारी कडी

आमच्या घरात आतून कडी लागणारी खोली एकच. पोराचं लग्न झालं तेव्हा ती त्याला आणि सुनेला दिली. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांच्याच घरी असंच होतं. मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकू लागले आणि हे ओसरीत बाजेवर. दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे चहा, भाजी आणि विहिरीवरची मोटार. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आणि वाटलं असतं तरी सांगणार कोणाला, सुनेला?

हे चिखलीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. हातात कसब आहे, पण डोकं सदा मोबाइलमध्ये. त्यात त्यांना एक परदेशी नवरा-बायको दिसले. गाडीच्या मागे जोडायची इवलीशी झोपायची खोली, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची, पुढून गोल आणि मागे निमुळती होत गेलेली. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. ते दोघं तळ्याकाठी चहा पीत बसलेले. यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "आपण बनवू अशी. लोणारले जाऊ, मेहकरले जाऊ, मनात येईन तिथं मुक्काम."

"डोकं ठिकाणावर हाय काय तुमचं?" मी म्हटलं आणि भाकरी थापायला लागले.

मला वाटलं, आठ दिवसांत विसरतील. कुठलं काय! ट्रॉल्यांची कामं मंदावली तसा यांनी सांगाडा उभा केला. बाहेरून पत्रा, आतून प्लाय, फोमची गादी, एक छोटी खिडकी. दाराला आतून पितळेची कडी. ट्रॉल्यांचा उरलेला लाल आणि निळा रंग एका डब्यात कालवून बाहेरून मारला, तो झाला चांगला जांभळा. त्यात तो आकार. गावातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, वांगं. आणि सगळ्यात कहर म्हणजे हात बसलेला ट्रॉल्यांवर, म्हणून जोडायचा हूकही ट्रॅक्टरच्याच उंचीचा लावून बसले. पोराच्या कारला ते जोडलंच जाईना. म्हणजे देश पाहायला निघायचं ते फटफट करत ट्रॅक्टरवर!

हसू आलं असतं मला, खरंच आलं असतं. पण ते वांगं अंगणात उभं राहिलं आणि गाव बघायला आलं. येणारा प्रत्येक जण दार उघडायचा आणि आत काय दिसायचं? गादी. दोन उशा. कडी. आमच्या जाऊबाईंनी ती कडी दोनदा लावून पाहिली आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माय वं! सासू झाल्यावर कडी लागून राह्यली काय तुले?" शेजारणी खिदळल्या. सून दारातच उभी होती, ती आत निघून गेली. मला वाटलं, धरणी फाटावी आणि मी त्यात जावं. पन्नाशी उलटलेली बाई मी, माझं अंथरूण चाकं लावून सगळ्या गावापुढे उभं केलं होतं या माणसानं.

त्यानंतर दळण घेऊन निघाले तरी कोणी ना कोणी विचारायचंच, "काहो काकू, वांग्यात कधी जाता मुक्कामाले?"

आता जे सांगते ते मी तेव्हा कोणाला कळू दिलं नाही. आम्ही एकदा गेलो. शेतात हरभऱ्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप शिरत होता, राखण करावीच लागते, ते निमित्त. यांनी ट्रॅक्टरला वांगं जोडून दिवसाउजेडी शेतात नेलं आणि मी घरी सांगितलं की भावाकडे मेहकरला जाते. बसस्टँडपर्यंत जाऊन मागच्या पांदीच्या वाटेनं शेतात आले, चोरासारखी. संध्याकाळ होता होता आभाळ फाटलं. अवकाळी पाऊस, गारा, पत्र्यावर असा दणदणाट की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आत एक थेंब आला नाही. यांनी कडी लावली आणि आम्ही बसून राहिलो, चिवडा खात. मग ते बोलायला लागले. त्यांच्या आईबद्दल, पहिल्या ट्रॉलीबद्दल, पोराला काय वाटत असेल त्याबद्दल. इतक्या वर्षांत एवढं बोलले नव्हते. उजाडल्यावर मी त्यांच्याकडून शपथ घेतली की हे कोणाला सांगायचं नाही. "कायले सांगू?" ते म्हणाले. तरी मी माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावला.

मग सुनेची आई आली. तिनं वांगं सगळ्या बाजूंनी पाहिलं, आत डोकावली आणि जेवायच्या पंगतीत म्हणाली, "सोय चांगली केली हो विहीणबाई." पोरगा ताटातून मान वर करेना. त्या दिवशी मी यांना सांगितलं, एक तर ते वांगं राहील अंगणात, नाही तर मी राहीन.

हे म्हणाले, "बरं." एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं.

गिऱ्हाइकं येऊ लागली. एकाला शेळीची पिलं ठेवायला पाहिजे होतं, एकाला वडापावची गाडी करायची होती. यांनी दोघांना वाटेला लावलं. भर अंगणात मोठ्यानं म्हणाले, "झोपायची गाडी हाय, झोपणाऱ्यालेच देईन." मी पदरात तोंड लपवलं. विकतानाही माझी अब्रू काढायची सोडली नाही यांनी.

शेवटी वडनेर भोलजी गावाकडून एक नवरा-बायको टेम्पो घेऊन आले. जत्रेत बांगड्या विकणारे. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची, आणि मुक्काम टेम्पोच्या हौद्यात, वर ताडपत्री. बाई माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. सौदा बैलबाजारासारखा सुरू झाला. यांनी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला, त्या माणसानं खाली हात घातला आणि दोघं बोटं दाबत उभे राहिले. किंमत कोणाला कळू नये म्हणून रुमाल. माझं मात्र सगळं उघडं. जाऊबाई, शेजारणी, पोरगा, सून, सगळे ओळीनं उभे होते.

बाई तोवर आत शिरली होती. तिनं दार ओढलं आणि कडी लावली.

"गळत नाही ना?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

"कशावरून? कोणी पावसात झोपून पाह्यलं काय हिच्यात?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली.

"नाही," हे म्हणाले. "कोणी नाही झोपलं."

त्या माणसानं रुमालाखालून हात काढून घेतला. "घरच्यायनंच वापरली नाही अन् विकायले काढली? खोट असन, मालक. सांधे उघडे असतीन. पहिल्याच पावसात आमी भिजू."

ज्या माणसाची ट्रॉली पंधरा वर्षं चालली तरी सांधा उघडत नाही, तो माणूस स्वतःच्या अंगणात गुपचूप ऐकून घेत होता. कान लाल झाले होते. एक शब्द बोलला असता तर मोकळा झाला असता. पण 'मी झोपलो' म्हटलं की 'एकटेच काय?' आलंच असतं, आणि माझी शपथ.

दार थोडं उघडलं. बाईनं डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांना सोडून मलाच विचारलं, "अक्का, आत जीव गुदमरते काय? आन् ही कडी रात्री कोणी बाहेरून ढकलली तं टिकते? मले खरं सांगा. जत्रेत दारू पिऊन लोकं ताडपत्री वर करून पाहतात. मले फक्त कडी पाह्यजे."

जाऊबाई कान टवकारून. सून माझ्याकडेच बघत होती.

"टिकते," मी म्हटलं. "आमी झोपलो हाओत हिच्यात. दोघं. गारा पडल्या तवा. मी मेहकरले गेलीच नव्हती. एक थेंब आत आला नाही, अन् जीवही नाही गुदमरला."

कोणीतरी फिस्सकन हसलं. माझं तोंड असं तापलं की तव्यावर धरल्यासारखं. हे चपलेनं माती उकरत होते, माझ्यापेक्षा तेच जास्त लाजले होते. त्या माणसानं परत रुमालाखाली हात घातला आणि सौदा तिथंच झाला.

यांनी हूक टेम्पोच्या मापाला उतरवून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. तोवर बाईनं मला ओट्यावर बसवलं आणि दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले. नको म्हटलं तरी ऐकेना. शेवटची बांगडी चढवताना हळूच म्हणाली, "अक्का, तुमाले नाही लागणार काय आता ही गाडी?"

किती हळू म्हणाली होती ती. हळूच "लागन" म्हणता आलं असतं. पण सगळे बघत होते. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमाले काय करायची व माय? वय झालं आता आमचं."

हे टेम्पोमागे हुकाची पिन बसवत होते. त्यांनी ते ऐकलं. पिन तर केव्हाच बसली होती, पण ते वाकलेलेच राहिले.