पाळीवरचा माणूस

लग्न होऊन मी तुमसरला आले तेव्हा नवऱ्याचा फोटो स्टुडिओ नुकताच सुरू झाला होता. सत्तरनंतरची पहिली काही वर्षं असावीत. पुढच्या खोलीत पडदा, स्टूल आणि दोन मोठे दिवे. मागच्या न्हाणीघराची डार्करूम केलेली. माझं काम तिथे: फिल्म धुणं, प्रिंट काढणं आणि बारीक ब्रशने चेहऱ्यांवरचे डाग भरणं. उन्हाळ्यात नळाचं पाणी इतकं तापायचं, की फिल्मवरचा लेप सुटायचा. एक रोल तसा वाया गेल्यावर मी माठातलं पाणी वापरू लागले.

फोटो काढायचं काम त्यांचं. लग्नं, शाळेतले गट, ओळखपत्रं. फोटोत माणूस हवा, हे त्यांचं साधं मत होतं. "झाडाचा फोटो कोन घेते विकत?" असं ते म्हणायचे, आणि धंद्याच्या हिशेबाने ते खरंच होतं.

लग्नघरातल्या बायका माझ्यासमोर मोकळ्या बसत, म्हणून ते मला सोबत नेत. एकदा बपेऱ्याचं लग्न आटोपून आम्ही मोटारसायकलने परत येत होतो. चांदपूरच्या टेकडीवरच्या मारुतीला नारळ फोडायचा म्हणून त्यांनी गाडी आत वळवली. ते वर गेले. मी कॅमेरा गळ्यात घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, थांबले. दिवस कलला होता आणि टेकड्यांमागून वळिवाचे ढग वर येत होते. निम्मं पाणी शिसवी काळं, निम्मं पितळेसारखं. आमच्या कॅमेऱ्यात वरून वाकून काचेत पाहावं लागे आणि काचेत डावं-उजवं उलट दिसे. मी ढगाच्या मागे कॅमेरा फिरवायला जायची आणि ढग दुसऱ्याच बाजूने निसटायचा. तरी रोलमध्ये उरलेले फोटो मी काढले.

ते खाली आले. "मानूस होता का कोनी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं. धुऊन पाहू."

धुतल्यावर आभाळाच्या जागी कोरा कागद होता. ढग उमटायचे तर भिंगावर पिवळी काच लावावी लागते, आणि पाण्याच्या चमकेवरून उजेडाचा अंदाज बांधला तर टेकडी काळोखात बुडते, हे पुढे चुकतमाकत कळत गेलं. मी पावसाळ्यात दोनतीनदा तरी तिकडे न्या म्हणायची. ते नेत. मी फोटो काढेपर्यंत तलावाकडे पाठ करून सुपारी चघळत बसत.

एका भादव्यात तलाव काठोकाठ भरला होता. खालच्या बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत, धान गुडघ्याच्या वर आलेलं. मला वरून फोटो हवा होता, म्हणून ते पाळीवर बसले आणि मी टेकडीच्या अर्ध्यावर चढले. पलीकडच्या काठावरून पाऊस पाण्यावर चालत आला. आधी समोरची झाडं गेली, मग पाणी गेलं, मग पाळ आणि तिच्यावरचा माझा नवराही दिसेनासा झाला. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी पदराखाली धरला आणि एका खडकाला टेकून बसले. वीज अगदी जवळ पडली. मला भीती वाटली.

पाऊस आला तसाच पुढे सरकला. पश्चिमेला आभाळाची एक फट उघडली आणि तिच्यातून आलेलं ऊन तलावावर आडवं पसरलं. वर ढग तसेच काळे. मी कॅमेरा खडकावर टेकवला आणि बटण दाबलं. दुसरा फोटो काढायला फिल्म पुढे सरकवली तोवर फट मिटली होती.

खाली आले तर ते चिंब भिजून उभे.

"हाका मारून मारून गळा बसला माझा," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं मले."

"मले वाटलं का तू..." पुढचं त्यांनी गिळलं आणि गाडीला किक मारली.

त्या रात्री लाल दिव्याखाली मी ट्रेमध्ये कागद हलवत होते. आधी पलीकडची टेकडी आली, मग ढगांचे थर, मग पाणी. शेवटी पाळीवर हात वर केलेला तांदळाएवढा एक माणूस उमटला. मी त्यांना बोलावलं. बराच वेळ ते वाकून पाहत राहिले.

"मले काढून टाक यातून."

"काहून? तुम्हीच तर म्हनता मानूस पाहिजे."

"कामाचा मानूस पाहिजे. हा पाहा कसा बावळटासारखा उभा आहे."

एवढा ठिपका बुजवणं मला जड नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रिंट वाळल्यावर मी करडा रंग कालवला, ब्रश टोकदार केला आणि बसून राहिले. मग ब्रश धुऊन ठेवला.

"तुमचं तुम्ही बुजवा," मी त्यांना सांगितलं. त्यांनी ब्रश उचलला नाही. काही दिवसांनी तो फोटो त्यांनीच काचेच्या कपाटात लावला.

मोहाडीकडचे एक राइस मिलवाले मुलीचा फोटो काढायला आले होते. त्यांना तो तलाव दिवाळीच्या कॅलेंडरसाठी आवडला. "तो मानूस तेवढा काढून द्या," ते म्हणाले. "त्याच जागी आमच्या मिलचं नाव टाकतो."

मला वाटलं, आमचे हे लगेच हो म्हणतील.

"तो नाही निघत," हे म्हणाले.

"काहून? एवढासा तर आहे."

"नाही निघत म्हनलं न."

मिलवाल्यांनी मुलीचे फोटो घेतले आणि गेले. त्या वर्षी त्यांच्या कॅलेंडरवर लक्ष्मी आली.

ऐंशीनंतर गिऱ्हाइकं रंगीत फोटो मागू लागली. रंगीत फिल्म धुवायला नागपूरला पाठवावी लागे. तलावाचा पहिला रंगीत रोल आला तेव्हा आमची संध्याकाळ भर दुपारसारखी दिसत होती. काळं दिसलं की तिथलं मशीन आपोआप उजळ करतं, असं कळलं. हे बसने नागपूरला गेले आणि काळं राहू द्या म्हणून सांगून आले. पुढचे फोटो काळे आले, पण पाणी जांभळं. डार्करूमचा उपयोग कमी होत गेला, तिथे पापडाचे डबे आणि जुन्या फ्रेमा जमा झाल्या. तलावासाठी मात्र काळी-पांढरी फिल्म मिळत होती तोवर मी तीच वापरली. मग तुमसरात ती कोणी मागवेना. आम्ही तिकडे जात राहिलो, कॅमेरा न घेता.