शत्रूला आधी गाव विचारणारे साडू

हातात बंदूक असून आजवर एकाही माणसाला न मारलेला खेळाडू अख्ख्या ऑनलाइन दुनियेत एकच असेल, आणि ते आमचे थोरले साडू आहेत. शेवगावात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. गिऱ्हाइकाचा पंप उघडा टाकून हे मोबाईलवर पॅराशूटने बेटावर उतरलेले असतात. शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला, असा तो खेळ. पण समोर शत्रू दिसला की साडू माइक सुरू करून आधी विचारणार, "पावनं, कोन्च्या गावचं?" आपल्याकडे गाव विचारलं की नातं निघतंच. जामखेडचा निघाला तर तिथे यांची आत्या दिलेली. एकदा एक बिहारचा निघाला, तर म्हणाले, "इतक्या लांबून आल्याला मानूस, मारायचा कसा?" मी एकदा गंमत म्हणून त्यांना गोळी घातली, तर सासुरवाडीच्या पंगतीत माझ्याशी बोलले नाहीत. म्हटलं, अहो, खेळ आहे तो! तर म्हणे, "मग खेळात तरी नातं सोडायचं व्हय?" कपाळ माझं!

बेटावर जाण्याचं त्यांचं खरं कारण वेगळंच होतं. त्यांचा शाळूसोबती दरवर्षी दिवाळीनंतर बायकोसह ऊसतोडीला जातो, तो उन्हाळ्यातच परततो. फोनवर 'बरं हाय ना' झालं की दोघांचं बोलणं संपतं. म्हणून संध्याकाळी तो उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीवरून आणि हे दुकानातून बेटावर एकत्र उतरायचे आणि नदीकाठच्या झोपडीशी नुसते बसायचे. येणारे-जाणारेही बंदुका टेकवून तिथेच बसत, कधी नाचत, कधी होडीतून चक्कर मारत. बेटावर चांगला पार जमला होता.

खेळवाल्या कंपनीच्या पोटात दुखलं. आधी त्यांनी नाच बंद केला, मग होडीतली चक्कर, आणि शेवटी नियम काढला की न लढता बसणारा तो लबाड. साडूंचं खातं कायमचं बंद झालं; मित्र मधूनमधून लढायचा, म्हणून त्याचं वाचलं. साडू म्हणाले, "बेट त्यांचं असंल, पन बसायला त्यांच्या बापाची परवानगी लागती का?" लगेच नवीन खातं काढलं, तर ते खेळाच्या हिशेबात पहिलीत. मित्र केव्हाच वरच्या वर्गात पोचलेला, आणि वर्गांत एवढं अंतर असलेल्या दोघांना खेळ एकत्र उतरू देत नाही.

परवा दुकानात गेलो तर साडू शांतपणे तांब्याची तार गुंडाळत होते. म्हटलं, आता कसं? म्हणाले, "त्यो खाली यायलाय." मित्र रोज फडावरून आला की बेटावर उतरतो, उघड्या माळावर उभा राहतो आणि येईल त्याच्या हातून मरतो. हरत गेलं की नंबर उतरतो, वर्गही खाली येतो ना. त्या नंबरावर त्याचा फार जीव होता, साऱ्या टोळीत मिरवायचा. "आला की दोन गोळ्या हवेत मारू, कंपनीचं समाधान," साडू म्हणाले. मी हसत हसत तारेचं दुसरं टोक धरलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. साडूंनी मित्राचा मेसेज वाचला आणि म्हणाले, "आज बी मेला म्हनतोय."