हायवेचं ‘आहेवे’ झालं तेव्हा

सुफियाला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. चुलीवर भात ठेवला की ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून गोठ्यापर्यंत तिच्या फेऱ्या सुरू. त्यात यंदा तिच्या जिवाला घोर लागला होता. तिचे वडील सुभान, न्हावरे पंचक्रोशीतले लग्नाचे आचारी, यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, माणूस वाचेल, आवाज जाईल.

आवाज जाईल म्हणजे काय, हे गावाच्या या सुभानमामांना ओळखणाऱ्यालाच कळावं. भट्टीपुढं उभे राहिले की नवरदेवाचा बापसुद्धा त्यांच्याशी बेतानं बोलायचा. शिव्या कमी, टोमणे जास्त. सुफियानं ते बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहिलं, पण मोबाईल पुढं धरला की मामा पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे जपून बोलायचे. शेवटी तिनं ठरवलं, त्यांना बोलू द्यायचं आणि आपण लिहून घ्यायचं. पदार्थांची कृती हे निमित्त. तिला हवं होतं ते त्यांचं बोलणं, जसंच्या तसं.

एकटीचं ते काम नव्हतं. भाऊ अनिस सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरला होता. तो जेवणाच्या सुट्टीत तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करायचा. निमोण्याच्या बिरदेवआप्पांची लेक सोनम ही सुफियाची शाळेपासूनची मैत्रीण, आता दौंडला शिक्षिका. ती रविवारी लॅपटॉप घेऊन यायची. सुफियाकडं फोन. तिघांची लिहायची सॉफ्टवेअरं तीन तऱ्हेची, म्हणून फाँट नाही, रंग नाही, अशी एकच साधी टेक्स्ट फाईल ठेवली. तरी भांडणं व्हायचीच. सोनमनं नीट ओळी पाडून ठेवलेलं अनिसच्या पडद्यावर एका लांबलचक ओळीत दिसायचं. त्यानं वैतागून जागोजागी एंटर मारले की सुफियाच्या फोनवर निम्मा पडदा रिकामा. त्यात फाईलच्या जुन्या प्रती साठल्या की सुफियाचं डोकं उठायचं, ती त्या उडवून टाकायची. ‘जसं बोलतात तसंच ठेवा’ हे मात्र सांगायचं राहून गेलं. त्यात सांगण्यासारखं काय, असं तिला वाटलं होतं.

पुण्याला ऑपरेशन झालं. मामा घरी आले, गळ्याला पांढरा रुमाल बांधून. घर इतकं शांत झालं की सुफियाला ते सोसेना. मन रमवायला तिनं फाईल उघडली आणि पहिल्याच पानावर अडली. ‘आहेवेच्या कडंला मांडव आहे.’ खाली, ‘आहेस्कूलच्या मैदानावर जेव्हारीच्या भाकरी.’ तिला हसू फुटलं. पुढं होतं, ‘तेव्हा लाल झाला की मसाला टाकायचा नाही.’ कोण लाल झाला? मग उमगलं, भाकरीचा तवा. आणि हसू तिथंच विरलं. फाईलभर कुठंच हाय नव्हतं, न्हाई नव्हतं, कवा नव्हतं.

तिनं दौंडला फोन लावला.

“सोनम, फायलीला काय केलंस गं?”

“शुद्ध केली. ऑपरेशन चाललं होतं ना, मला इथं काही सुचेना. म्हटलं तेवढं तरी करावं. ‘हाय’चं ‘आहे’, ‘जवा’चं ‘जेव्हा’, ‘तवा’चं ‘तेव्हा’, असं लॅपटॉपला एकदाच सांगितलं की सगळीकडचं बदलतं.” सोनमचा आवाज खाली आला. “उद्या कुणी वाचलं तर मामांना अडाणी म्हणायला नको.”

“म्हणू दे की. माजं अब्बा हायेत ते.”

“उलटं बदलून देते मग.”

“कसं देशील? पुण्याची पार्टी आली की अब्बा आहे म्हणायचे, नाही म्हणायचे. आपल्या मान्सांत हाय आन् न्हाई. आता कुठलं कुठलं, कोन सांगनार? त्यांना बोलता येतंय का?”

मग सोनम म्हणाली, “येते मी.” सुफियाला तिचा राग आला होता आणि तिची कीवही येत होती. शाळेत ‘न्हाई’ म्हटलं म्हणून सोनम बाकावर उभी राहिली होती, हे तिला आठवत होतं.

रविवारी सोनम आली, गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन खाटेपाशी बसली. सुफिया फोनवरून एकेक ओळ मोठ्यानं वाचायची. चुकलं की मामा खाटेच्या लाकडी गाताडीवर बोटानं टकटक करायचे. ती दुसऱ्या तऱ्हेनं म्हणायची, मामा मान हलवायचे, सोनम दुरुस्त करायची. आधी पावलोपावली टकटक होती. सुफियाला दम धरवेना. ती उठून खोलीत येरझाऱ्या घालत वाचू लागली, भराभर, थोडी चिडूनच, आणि टकटक हळूहळू कमी झाली. पडद्यावर ‘नाही’ असलं तरी तिच्या तोंडून ‘न्हाई’ यायला लागलं, आणि सोनम पडद्याकडं न बघता तिचं ऐकून टाइप करू लागली.

एका लग्नाची हकिगत आली. सुफियाचा आवाज चढला.

“आगं ए, कांदा चिरून झाला का न्हाई? जाळ वाया चाललाय हितं. कवा आननार?”

“आणते की,” स्वयंपाकघरातून तिची आई सरदारबी म्हणाली. “जरा दम धरा.”

सुफियाचे पाय थांबले. आई तिला कधी ‘धरा’ म्हणत नव्हती. त्या घरात आई एकाच माणसाला तसं बोलायची.

सरदारबी कांद्याची ताटली घेऊन दारात आली. तिनं खाटेकडं पाहिलं. मामांच्या गळ्याचा रुमाल पाहिला. मग लेकीकडं पाहिलं. सोनमची बोटं जागच्या जागी राहिली. मामांनी तोंड भिंतीकडं वळवलं, त्यांचे खांदे हलत होते.

सरदारबी ताटली मांडीवर घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसली.

“वाच की,” ती म्हणाली. “थांबलीस कशाला?”