‘बस वाचवा’ नावाचा ग्रुप

इंटरनेटमुळे लोकशाही प्रत्येकाच्या हातात आली, असं मी गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या व्याख्यानात ठासून सांगितलं होतं. निम्मे श्रोते तेव्हा हातातल्या फोनकडे बघत होते. तो मी पुरावाच मानला.

महिन्याभरातच न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, दुपारची बस बंद करायचा प्रस्ताव आणला. शेजारचे काका नागपूरहून कायमचे मुलाकडे आलेले, गाडी चालवत नाहीत. लायब्ररी आणि पत्ते खेळायला चार समवयस्क, एवढंच त्यांचं अमेरिकेतलं जग, आणि ते त्या बसच्या दुसऱ्या टोकाला.

आम्ही ‘बस वाचवा’ ग्रुप काढला. तीन दिवस लोगोवर गेले. मग ऑनलाइन अर्ज निघाला आणि सह्या इतक्या भराभर वाढल्या की मी माझ्याच व्याख्यानावर नव्याने खूश झालो.

प्रस्तावावरच्या टाउनशिपच्या सुनावणीला येतो म्हणून ग्रुपवर तीसेक जणांनी कळवलं होतं. प्रत्यक्षात मी आणि काका. फोनवर निरोप येत होते: “यार, कॉल लांबला.” “मुलीचं सॉकर आहे, पण फुल सपोर्ट!” “लाइव्ह लिंक आहे का?”

टाउनशिपच्या क्लार्कबाईंनी सह्यांची यादी उघडली. “हे सांगली आपल्या हद्दीत कुठे येतं?” त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं.

प्रत्येकाने अर्ज आपापल्या फॅमिली ग्रुपवर टाकला होता. ठाणे, नाशिक, सांगलीच्या आत्या-मावश्यांनी आमची बस वाचवायला मनापासून सह्या केल्या होत्या. सांगलीच्या आत्या माझ्याच. नियमाप्रमाणे फक्त रहिवाशांच्या सह्या धरायच्या होत्या.

“माझ्या साळ्यानंही केली. वर्ध्याहून,” काका कौतुकाने कुजबुजले.

“काका, तो इथे राहत नाही.”

“मी राहतो ना? मग मला बोलू दे.”

काका उठले. “बस गेली तर मी दिवसभर घरात एकटा असेन,” एवढंच इंग्रजीत म्हणाले आणि बसले. अध्यक्षांनी विचारलं, “बस वापरणारं आणखी कोणी आलंय?” मी रिकाम्या खुर्च्यांकडे बघायचं टाळलं. मतदान दोन मिनिटांत उरकलं, बस बंद झाली.

दुपारी मी ऑफिसात असतो, काकांचा मुलगाही. ग्रुप मात्र अजून चालू आहे. काका रोज सकाळी त्यावर विचारतात, “आज लायब्ररीकडे कोणी जातंय का?”

काल अकरा अंगठे आले.